रेंज रोव्हर : डीझेल एंजिनाचा इतिहास

इंग्लंडमधील सॉलिहल येथे १९७० पासून तयार होत आलेली, चारही चाकांना एंजिनाची शक्ती पोहोचविणारी आणि खडबडीत भूमीवर तसेच राजरस्त्यावर सारख्याच सहजतेने चालावी अशा हेतूने योजलेली आरामदायी मोटारगाडी. शेतावरील गाडीचा काटकपणा व मोठ्या प्रवासी मोटारीचे सुख एकत्र आणण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, त्यांत ही गाडी अग्रगण्य मानली जाते. तिच्या इतिहासाचा सर्वांत बोधप्रद भाग मात्र डीझेल एंजिनाचा आहे. पहिली सोळा वर्षे या गाडीत डीझेल एंजिन नव्हतेच. त्यानंतर ते आले ते करांच्या व इंधनाच्या किंमतींच्या दडपणामुळे, काहीसे नाइलाजाने. आणि पुढील वीस वर्षांत तेच या गाडीच्या स्वभावाला सर्वाधिक मानवणारे एंजिन ठरले. ज्या काळात ते पूर्णत्वास पोहोचले, त्याच काळात शहरांच्या हवेच्या प्रश्नाने त्याच्या अस्तित्वावर प्रश्नचिन्ह लावले.

रोव्हर कंपनीने १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात लँड रोव्हर ही साधी, शेतीकामाची गाडी प्रथम मांडली. तिच्यात डीझेल एंजिन बसविण्यास १९५७ मध्ये सुरुवात झाली होती व शेतकरी, सैन्यदले आणि सरकारी खाती यांना ते पसंतही पडले होते. १९६६ च्या सुमारास चार्ल्स स्पेन्सर किंग व गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी १०० इंच (२५४ सेंमी.) चाकांतर असलेल्या नव्या गाडीचे काम हाती घेतले, तेव्हा डीझेलचा विचार दूरच होता. रोव्हर कंपनीने १९६५ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून ॲल्युमिनियमच्या आठ सिलिंडरी (V आकाराच्या मांडणीच्या) पेट्रोल एंजिनाचे हक्क घेतले होते. ३,५२८ घ. सेंमी. घनफळाचे हे हलके व शांत एंजिन नव्या गाडीसाठी जणू तयारच होते. त्याच्या जोडीला पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी लांब हालचालीच्या मळसूत्री स्प्रिंगा, चारही चाकांना चकती गतिरोधक (डिस्क ब्रेक) आणि चारही चाकांना कायम शक्ती देणारी प्रेषण-यंत्रणा अशी रचना करण्यात आली. बाह्यरूपाला अखेरचा आकार डेव्हिड बाख यांनी दिला. १७ जून १९७० रोजी गाडी जाहीर झाली. तिच्या आसनांवर व्हिनिलचे आच्छादन होते व आतील भाग पाण्याने धुऊन काढता येत असे. आजच्या अर्थाने ती चैनीची वस्तू नव्हती. लाकूड-कातड्याची सजावट व स्वयंचलित दंतचक्र पेटी यांचा काळ पुढे, १९८१ मध्ये चार दारांची आवृत्ती आल्यानंतर सुरू झाला. किंग यांनी उत्तरायुष्यात, ही गाडी शहरात प्रतिष्ठेची वस्तू म्हणून मिरविली जावी असा आपला हेतू कधीच नव्हता, अशी स्पष्ट नाराजी व्यक्त केली होती.

डीझेलकडे वळण : १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी पेट्रोलच्या किंमती भडकल्या. ही जड, उंच व वाऱ्याला मोठा दर्शनी भाग अडविणारी गाडी लिटरमागे पाच-सहा किमी.पेक्षा फारशी पुढे जात नसे. ब्रिटनमधील सधन ग्राहकाला ते परवडले, तरी यूरोपच्या मुख्य भूमीवर प्रश्न निराळा होता. फ्रान्स व इटली या देशांत मोठ्या घनफळाच्या एंजिनांवर जबर कर होते आणि डीझेल तेल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. जर्मनीची मर्सिडीज कंपनी आपल्या ‘जी’ श्रेणीच्या गाड्या १९७९ पासून डीझेल एंजिनांसह विकत होती. डीझेलवाचून यूरोपचा बाजार हाती येणार नाही, हे सॉलिहल येथील व्यवस्थापनाला दिसत होते.

पहिला प्रयत्न स्वतःच्याच आठ सिलिंडरी एंजिनाचे डीझेलमध्ये रूपांतर करण्याचा झाला. पीटरबरो येथील पर्किन्स या डीझेल एंजिनांच्या जुन्या व अनुभवी कंपनीच्या साहाय्याने हाती घेतलेल्या या योजनेला ‘आइसबर्ग’ असे गुप्तनाव होते. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने हवा इतकी दाबली जाते की, तिच्या उष्णतेनेच अंतःक्षेपित इंधन पेट घेते [→ डीझेल एंजिन]. त्यामुळे सिलिंडरातील दाब पेट्रोल एंजिनापेक्षा पुष्कळच अधिक असतो. पेट्रोलसाठी योजलेल्या हलक्या ॲल्युमिनियमच्या ओतकामाला हा दाब व उष्णता पेलवेना, आणि १९८३ मध्ये योजना सोडून द्यावी लागली. पेट्रोल एंजिनात थोडे फेरफार केले की डीझेल एंजिन होते, हा समज त्या काळी अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनाही महाग पडला होता.

अखेर एंजिन बाहेरून आणावे लागले. इटलीतील चेंतो येथील व्हीएम मोतोरी या कंपनीचे चार सिलिंडरांचे २,३९३ घ. सेंमी. घनफळाचे टर्बोचार्जरयुक्त एंजिन १९८६ मध्ये रेंज रोव्हरमध्ये बसविण्यात आले. प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र शीर्ष ही त्याची विशेष रचना होती. शक्ती सु. ११२ अश्वशक्ती. ग्राहकांच्या मनातील शंका दूर करण्यासाठी कंपनीने त्याच वर्षी याच एंजिनाची एक गाडी चाचणीमार्गावर धाववून डीझेल गाड्यांचे वेगाचे व दमाचे २७ विक्रम नोंदविले, त्यांत २४ तास सतत ताशी १०० मैलांहून (१६० किमी.हून) अधिक सरासरी वेगाने धावण्याचा विक्रमही होता.

विक्रम खरे होते, पण ते गाडीच्या दैनंदिन वागणुकीचे चित्र देत नव्हते. भुजादंडाला फिरविणारा जोर म्हणजे परिबल. जड गाडी जागेवरून हलविणे, चढ चढणे, चिखलातून बाहेर पडणे या गोष्टी अश्वशक्तीपेक्षा परिबलावर अवलंबून असतात. कागदावर या छोट्या डीझेल एंजिनाचे कमाल परिबल जुन्या पेट्रोल एंजिनाच्या जवळपास होते. फरक होता तो हे परिबल केव्हा मिळते यात. टर्बोचार्जर एंजिनाच्या निष्कास वायूंच्या जोरावर फिरतो व सिलिंडरांत जादा हवा भरतो. एंजिन मंद फिरत असताना निष्कास वायू थोडे, म्हणून टर्बोचार्जरही मंद. आणि टर्बोचार्जर मंद, म्हणून हवा थोडी. परिणामी मिनिटाला सु. २,००० फेऱ्यांच्या खाली हे एंजिन पावणेदोन टनांहून जड गाडी ओढताना धापा टाकी, आणि त्यानंतर एकाएकी जोर धरी. जिथे गाडीला सावकाश व सारख्या जोराची गरज असते, त्या खडकाळ चढावर हा दोष सर्वांत अधिक जाणवे. शिवाय पूर्वज्वलनकोठीच्या रचनेमुळे इंधनाची काही ऊर्जा वाया जाई व थंडीत एंजिनाची खडखड आतील आसनापर्यंत ऐकू येई. चामड्याच्या आसनांच्या गाडीत मालमोटारीचे एंजिन, अशी त्या काळी टीका होई व ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. तरीही इटली व फ्रान्समध्ये गाडी खपली. करांचे गणित वाहनचालकाच्या आनंदापेक्षा बलवत्तर ठरले.

याच एंजिनाची २.५ लिटरची आवृत्ती काही काळ चालली. १९९२ मध्ये तिची जागा लँड रोव्हर कंपनीच्या स्वतःच्या, इंधन थेट ज्वलनकोठीत सोडणाऱ्या २.५ लिटर एंजिनाने घेतली. ते काटकसरी व दीर्घायुषी होते, परंतु त्याचा आवाज आधीच्यापेक्षाही कर्कश होता. याच वर्षी गाडीला इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाची हवेच्या उशांची निलंबन-योजना मिळाली. तिच्यामुळे गाडी उंच वा ठेंगणी करता येऊ लागली. एंजिन मात्र मागेच राहिले.

सहा सिलिंडरांचे एंजिन : १९९४ मध्ये दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर बाजारात आली. त्याच वर्षी जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने रोव्हर समूह विकत घेतला. पण नव्या गाडीसाठी तिचे डीझेल एंजिन घेण्याचे त्याआधीच ठरले होते. सहा सिलिंडर एका ओळीत असलेल्या २,४९७ घ. सेंमी.च्या या एंजिनाची शक्ती १३६ अश्वशक्ती व परिबल २७० न्यूटन-मीटर होते. सहा सिलिंडरांच्या एका ओळीच्या मांडणीत दट्ट्यांच्या हालचालींतील कंप एकमेकांना छेदतात, त्यामुळे एंजिन स्वभावतःच समतोल असते. रेंज रोव्हरच्या डीझेल एंजिनाला सभ्यपणा आला तो येथे. मात्र गाडीचे वजन आता दोन टनांवर गेले होते आणि जर्मनीच्या प्रवासी मोटारींत चपळ वाटणारे हे एंजिन येथे दमून जाई. एंजिनाची गुणवत्ता व गाडीचे वजन यांची ही शर्यत पुढील वीस वर्षे चालली.

तिला कलाटणी मिळाली ती इंधनपुरवठ्याच्या नव्या पद्धतीमुळे. जुन्या रचनेत पंप प्रत्येक सिलिंडरासाठी ठराविक क्षणी दाब निर्माण करी; म्हणून एंजिन मंद असताना दाबही कमी असे व इंधनाचे थेंब जाड राहत. सामाईक नळीच्या (कॉमन रेल) पद्धतीत सर्व सिलिंडरांसाठी एकाच जाड नळीत इंधन अतिशय उच्च दाबाखाली साठविलेले असते व विद्युत् नियंत्रित झडपा ते हव्या त्या क्षणी, हव्या त्या प्रमाणात सोडतात. १९९७ मध्ये इटलीच्या आल्फा रोमिओ व जर्मनीच्या मर्सिडीज यांच्या मोटारींत ही पद्धत आली, तेव्हा दाब वातावरणीय दाबाच्या सु. १,३५० पट होता. तिचा सर्वांत मोठा लाभ कानांना झाला. मुख्य इंधनाच्या आधी क्षणांश एक अल्प मात्रा सोडून ज्वलनाला हळुवार सुरुवात करून देता येऊ लागली व डीझेलचा परिचित ठोका मंदावला. मंद वेगातही इंधन बारीक तुषारांत विभागले जाऊ लागल्याने तळच्या फेऱ्यांत परिबल वाढले.

तिसऱ्या पिढीच्या गाडीचा बहुतांश विकास बी. एम. डब्ल्यू.च्या काळात झाला. परंतु २००० मध्ये लँड रोव्हर फोर्ड कंपनीकडे गेली व २००१ च्या अखेरीस जाहीर झालेली ही गाडी प्रत्यक्षात फोर्डच्या अमलाखाली बाजारात आली. स्वतंत्र सांगाडा जाऊन एकसंध कवचबांधणी आली व चारही चाकांना स्वतंत्र, हवेच्या उशांवरील निलंबन मिळाले. तिच्या ३ लिटर, सहा सिलिंडरी, सामाईक नळीच्या डीझेल एंजिनाची शक्ती १७७ अश्वशक्ती व परिबल ३९० न्यूटन-मीटर होते. आवाजाची तक्रार संपली. उरली ती जोराची, कारण गाडीचे वजन आणखी वाढले होते व पेट्रोलच्या आठ सिलिंडरी एंजिनाची शक्ती २८६ अश्वशक्ती होती.

आठ सिलिंडरी डीझेल : ही उणीव २००६ मध्ये भरून निघाली. फोर्ड व फ्रान्सचा प्यूझो-सिट्रोएन समूह यांनी मिळून विकसित केलेल्या एंजिन-कुलातील ३.६ लिटर, आठ सिलिंडरी, दोन टर्बोचार्जरांचे एंजिन रेंज रोव्हरला मिळाले. त्याचा ठोकळा संहत ग्रॅफाइटयुक्त ओतीव लोखंडाचा होता. हा पदार्थ साध्या ओतीव लोखंडाहून पुष्कळ बळकट असल्याने भिंती पातळ ठेवता येतात. ‘आइसबर्ग’ योजना ज्या कारणाने फसली, त्याचे हे वीस वर्षांनी मिळालेले उत्तर म्हणता येईल. शक्ती २७२ अश्वशक्ती व परिबल ६४० न्यूटन-मीटर, तेही मिनिटाला अवघ्या २,००० फेऱ्यांना. आधीच्या एंजिनापेक्षा परिबलात दीडपटीहून अधिक वाढ झाली आणि शून्यापासून ताशी १०० किमी. वेग सु. ९ सेकंदांत गाठता येऊ लागला.

गाडीचा चालण्याचा स्वभाव येथे बदलला व खऱ्या अर्थाने ठरला. उंच आसनावर बसलेल्या चालकाला घाई करण्याचे कारण उरले नाही. पायाचा किंचित दाब दिला की, एंजिन न गर्जता गाडी पुढे सरके. पेट्रोल एंजिनाला त्याच कामासाठी खालच्या दंतचक्रात उतरून फेरे वाढवावे लागत. स्वयंचलित दंतचक्र पेटीतील द्रवचालित परिबल-परिवर्तक टर्बोचार्जरचा उरलासुरला विलंब झाकून टाकी. रस्ता सोडल्यावर हे गुण अधिकच उपयोगी पडतात. डीझेल एंजिनाचा गतिनियंता भार वाढताच आपण होऊन इंधन वाढवितो, त्यामुळे सर्वांत खालच्या दंतचक्रात गाडी दगडगोट्यांवरून पायाच्या मदतीवाचून, चालत्या माणसाच्या गतीने सरकत राहते. ठिणगीची विद्युत् जोडणी नसल्याने पाण्यातून जाताना बिघाडाचे एक मोठे कारण मुळातच नाहीसे होते. वाळू, चिखल, बर्फ अशा भूमीनुसार एंजिन, दंतचक्र पेटी, निलंबन व विभेदक यांचे नियंत्रण एका कळीने बदलणारी योजना लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी या गाडीत २००४ मध्ये आली होती. ती याच सुमारास रेंज रोव्हरलाही मिळाली. वळणांवर मात्र ही गाडी आपले वजन लपवीत नसे. बी. एम. डब्ल्यू.ची एक्स ५ (१९९९) वा पोर्शची केयेन (२००२) यांच्या तुलनेत ती अधिक कलत असे. पण तिच्या चाहत्यांना हा संथ, बोटीसारखा डौलच प्रिय होता.

जर्मन कंपन्यांनी याच काळात डीझेलचा जोर टोकाला नेला. फोक्सवॅगनच्या टूआरेग गाडीत दहा सिलिंडरांचे ७५० न्यूटन-मीटर परिबलाचे एंजिन आले. अशा एका गाडीने २००६ मध्ये इंग्लंडमध्ये बोइंग ७४७ विमान ओढून दाखविले, अर्थात त्यासाठी गाडीत भरपूर जादा वजन भरावे लागले होते. ऑडी कंपनीने २००८ मध्ये क्यू ७ या गाडीत बारा सिलिंडरांचे, ५०० अश्वशक्तीचे व १,००० न्यूटन-मीटर परिबलाचे डीझेल एंजिन बसविले. अभियांत्रिकी म्हणून ते विलक्षण होते. वाहन म्हणून त्याची गरज कोणाला होती, हे सांगणे कठीण आहे.

जून २००८ मध्ये भारताच्या टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर या दोन्ही संस्था फोर्डकडून २३० कोटी डॉलरना विकत घेतल्या. लगेच आलेल्या जागतिक मंदीत हा व्यवहार टाटांना बुडवील असे भाकीत अनेकांनी केले होते. तथापि विकासाचे काम थांबले नाही. २०१० मध्ये डीझेल एंजिनाचे घनफळ ४.४ लिटर झाले. शक्ती ३१३ अश्वशक्ती, परिबल ७०० न्यूटन-मीटर व जोडीला आठ टप्प्यांची स्वयंचलित दंतचक्र पेटी. त्याच्या दोन टर्बोचार्जरांपैकी मंद फेऱ्यांत एकच काम करी व फेरे वाढताच दुसरा त्याला येऊन मिळे. १९८६ च्या एंजिनाचे जुने दुखणे अशा रीतीने निकालात निघाले. महामार्गावर एंजिन २,००० फेऱ्यांच्या आतच रमत असे.

वजनाचा प्रश्न अखेर २०१२ च्या चौथ्या पिढीत सोडविला गेला. तोपर्यंत जड गाडीला जोरदार एंजिन, जोरदार एंजिनाला मोठे गतिरोधक व भक्कम आस आणि त्यामुळे पुन्हा वाढणारे वजन, असे दुष्टचक्र चालू होते. नव्या गाडीचे संपूर्ण कवच ॲल्युमिनियमचे, रिव्हेटे व चिकटद्रव्य यांनी जोडलेले होते. कवचाचे वजन आधीच्या पोलादी कवचापेक्षा ३९ टक्क्यांनी घटले व सबंध गाडी काही प्रकारांत ४२० किग्रॅ.पर्यंत हलकी झाली. याचा अर्थ असा की, सहा सिलिंडरांचे ३ लिटर, २५८ अश्वशक्तीचे डीझेल एंजिन आता आधीच्या गाडीतील ४.४ लिटर एंजिनाएवढी कामगिरी करू लागले. कार्बन डाय-ऑक्साइडचे अधिकृत प्रमाण दर किमी.ला २५३ ग्रॅ.वरून १९६ ग्रॅ.वर उतरले. ९० सेंमी. खोल पाण्यातून जाण्याची क्षमता या गाडीत होती. डीझेल एंजिन व विद्युत् चलित्र यांची जोडी असलेल्या तिच्या संमिश्र प्रकाराची चाचणी घेण्यासाठी २०१३ मध्ये तीन गाड्या सॉलिहलहून निघाल्या आणि रेशीममार्गाच्या मुलखातून, एकूण तेरा देश ओलांडून ऑक्टोबरमध्ये मुंबईस पोहोचल्या. मालकसंस्थेचे मुख्य ठाणे मुंबईत असल्याने हा शेवट मुद्दाम योजलेला होता.

हवेचा प्रश्न : डीझेल एंजिनाची काटकसर उच्च दाब, उच्च तापमान व जादा हवा यांतून येते आणि नेमक्या याच परिस्थितीत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनाची ऑक्साइडे तयार होतात. तापमान उतरविले तर ती घटतात, पण काजळी वाढते. यूरोपातील सरकारांनी १९९० नंतर कार्बन डाय-ऑक्साइडवर लक्ष केंद्रित केले व डीझेलला उत्तेजन दिले. ब्रिटनमध्ये २००२ पासून कंपनीच्या मोटारींवरील कर याच वायूच्या प्रमाणावर आकारला जाऊ लागला. शहरवासीयांच्या फुप्फुसांचा हिशेब त्यात गौण राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणीच्या वेळीच प्रदूषण कमी दाखविणारी संगणकप्रणाली वापरल्याचे अमेरिकेत उघड झाले व नोव्हेंबरमध्ये त्याच समूहाच्या ३ लिटर एंजिनाच्या मोठ्या गाड्याही त्या प्रकरणात आल्या. परिणाम सर्वच डीझेल गाड्यांना भोगावे लागले. डिसेंबर २०१५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरात २,००० घ. सेंमी. व त्याहून मोठ्या डीझेल मोटारींची नोंदणी थांबविली. ऑगस्ट २०१६ मध्ये किंमतीच्या एक टक्का हरित अधिभार घेऊन ही बंदी उठविण्यात आली. ब्रिटनमध्ये डीझेल मोटारींची मागणी झपाट्याने घसरली आणि २०१८ मध्ये, ज्या कारखान्यात हा इतिहास घडला त्या सॉलिहल येथील सु. १,००० कंत्राटी कामगारांना काम गमवावे लागले. तंत्रज्ञानाने निष्कास वायूंसाठी काजळीची गाळणी व यूरियाच्या द्रावणाची प्रक्रिया हे उपाय पुरविले व नव्या गाड्यांचे प्रदूषण खरोखरच घटले. गमावलेला विश्वास मात्र त्या वेगाने परतला नाही.

आठ सिलिंडरी डीझेल एंजिन २०२० मध्ये बंद झाले. त्याच्या जागी कंपनीचे स्वतःचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले ॲल्युमिनियमचे ३ लिटर एंजिन आले. त्याची शक्ती कमाल ३५० अश्वशक्ती व परिबल ७०० न्यूटन-मीटर आहे. हेच एंजिन ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पाचव्या पिढीच्या गाडीतही घेण्यात आले. महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध दोन प्रकारे आला. लँड रोव्हरच्या एका आराखड्यावर आधारलेली टाटांची हॅरिअर ही डीझेल गाडी २०१९ पासून पुणे येथे तयार होऊ लागली. लँड रोव्हरच्या लहान गाड्यांची जोडणी पुण्यात २०११ मध्येच सुरू झाली होती. मे २०२४ मध्ये खुद्द रेंज रोव्हरची जोडणीही तेथे होणार असल्याचे जाहीर झाले. चोपन्न वर्षांत ही गाडी सॉलिहलबाहेर तयार होण्याची ती पहिलीच वेळ. पुण्यासाठी निवडलेल्या लांब चाकांतराच्या प्रकारांत एक पेट्रोलचा व एक ३ लिटर डीझेल एंजिनाचा आहे.